उतरायला जागा

दुखणं लपवण्यात पुरुषांचा हात कुणी धरणार नाही. बलभीमनं जांघेतली गाठ वर्षभर लंगोटाखाली दाबून ठेवली. तिच्यासकट काहील वल्हवली, पोती उचलली, आणि विचारलं तर म्हणायचा, "काय न्हाय बाई, जुनं हाय ते." त्या दिवशी सकाळी काहील काठावर ओढताना ती गाठ अशी अडकली, की गडी चिखलातच वाकडा झाला. मला बोलावणं आलं तेव्हा मी भाकरी थापत होते. परातीतलं पीठ तसंच टाकून धावले.

मी शामला. माहेर तुळजापूरचं, नर्सिंग सोलापूरला शिकले, आणि आमच्या ह्यांची बदली बेलखळीच्या शाळेवर झाली म्हणून मागोमाग इथं आले. बाबूरावांना शाळेचा पगार होता. मला पगार नव्हता, औषधांची पेटी होती आणि तोंड होतं. गावाला दोन्हींची सवय झाली होती.

बेलखळी तेव्हा गाव राहिलं नव्हतं, बेट झालं होतं. नवा महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि खाली नदीवर तलाव बांधला होता. पाणी चढलं, शिवारं बुडाली, मागची गाडीवाटही बुडाली. निम्मं गाव सरकारनं दिलेल्या नव्या गावठाणात गेलं. उरलेली घरं "पाणी उतरंल की" म्हणत बसून राहिली. पलीकडं जायचं साधन एकच, गुळाची काहील. ऊस बुडाला, गुऱ्हाळ बंद पडलं, मग रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढईच पाण्यात सोडली होती. या जिल्ह्यात नाव कुणी पाहिली होती? विहिरीत पोहणारी माणसं आम्ही. काहील पाण्यात जागच्या जागी गरगर फिरायची, तिला सरळ नेणं एकट्या बलभीमला जमायचं. आणि आता बलभीमच आडवा होता.

त्याची गाठ टणक झाली होती, वरची कातडी लालबुंद. हिरवी ओकारी सुरू होती. पाय उंच करून मी एकदाच, हलक्या हातानं, ती आत सरकते का पाहिलं. सरकली नाही, आणि जास्त दाबायची माझी छाती झाली नाही.

"आतडं अडकलंय," मी त्याच्या बायकोला, सत्यभामेला सांगितलं. "तिथं रक्त पोचत नाही. उद्यापर्यंत कापून सोडवलं तर वाचेल. नाही तर आतडं सडतं आणि माणूस जातो." मला गोड करून सांगता येत नाही. आलं तसं बोलले.

"कुठं कापत्यात?" तिनं विचारलं.

"सोलापूरला."

तिनं पाण्याकडं पाहिलं. आमच्यावर ऊन होतं, पण वर कुठंतरी जबर पाऊस झाला होता आणि तलाव तुडुंब भरून सांडव्यावरून कोसळत होता. पाण्याला सगळी ओढ त्या सांडव्याकडं. रोग्याला काहिलीत घालून त्या ओढीत सोडणं म्हणजे त्याला हातानं लोटून देणं. हे तिलाही कळत होतं. ती नवऱ्याच्या तोंडावरचा घाम पुसत बसली.

बाबूरावांनी शाळेतला पत्र्याचा कर्णा घेतला आणि काठावर जाऊन ओरडायला सुरुवात केली. पलीकडं वसंतराव तलाठी होता. तलावाच्या कचेरीत फोन होता. वसंतरावानं तिथून धाराशिवला कळवलं, धाराशिवनं सोलापूरला. दुपारी त्याचा आवाज पाण्यावरून तुटत तुटत आला. भीमेच्या पुरासाठी लष्करानं सोलापूरला हेलिकॉप्टर आणून ठेवलंय. ते उद्या सकाळी रोगी न्यायला येईल. पण उतरायला जागा पाहिजे. सपाट, टणक, मोठ्या खळ्याएवढी, जवळ झाड नको, भिंत नको, मधोमध लांबून दिसेल अशी खूण. "जागा नसंल तर येनार न्हाईत!" हे वाक्य त्यानं तीनतीनदा ओरडून सांगितलं.

हेलिकॉप्टर काय असतं ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. टणक जमीन काय असते ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बेटावर ती नव्हती. सगळी काळी माती, पाणी पिऊन फुगलेली, बैल गुडघ्यापर्यंत रुतत होते. टेकाडाच्या माथ्यावर जुनं गावठाण होतं, पिढ्यान् पिढ्यांच्या पायांनी कुटलेलं. तिथल्या गेलेल्या लोकांनी आपापली दारं-तुळया काढून नेल्या होत्या, भिंती पावसात बसल्या होत्या. मधोमध एकच घर उभं होतं, महांतप्पाचं.

महांतप्पा म्हणजे सत्तरीला टेकलेला लिंगायत म्हातारा. तलावाचे लोक घर पाडायला आले तेव्हा हा उंबऱ्यावर आडवा पडला होता, आणि आलेले लोक परत गेले होते. त्याचा मुलगा मात्र बायकापोरं घेऊन नव्या गावठाणात गेला. ज्या काहिलीतून गेला ती बलभीमनं वल्हवली होती. तेव्हापासून म्हातारा बलभीमशी बोलत नव्हता. समोरून आला तर मान फिरवायचा.

सत्यभामा त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. तिच्यामागं मी, माझ्यामागं सगळं गाव.

"अप्पा, तुमचं घर पायजे," ती म्हणाली.

"कशाला?"

"पाडायला."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. "तुज्या नवऱ्यानं माजा ल्योक न्हेला त्या कढईत घालून. सून न्हेली, नातवंडं न्हेली. आता भिंती बी पायजेत व्हय?"

 उत्तर मी दिलं. "अप्पा, त्यानं नेली ती जिवंत नेली. आता त्याला जिवंत न्यायचंय. तुम्हाला या भिंतींशी बोलत बसायचं असेल तर खुशाल बसा. उद्या त्याला खांदा द्यायला तेवढे या, म्हणजे झालं."

बाबूरावांनी मागून माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला. इतका संताप आला होता मला, की म्हातारा अजून काही बोलला असता तर मी त्याचं वय पाहिलं नसतं.

महांतप्पा आत गेला. बराच वेळ आलाच नाही. आतून भांडी हलवल्याचा आवाज येत होता. मग तो बाहेर आला, हातात खापर, खापरात चुलीतले निखारे. ते त्यानं सत्यभामेच्या हातात दिलं.

"ह्यो इस्तू तुज्या चुलीत घाल. इजू देऊ नगं." मग भिंतीला टेकवलेली पहार उचलली. "पयला घाव दुसऱ्या कुनी घालायचा न्हाय. माजं म्या पाडतो."

आणि त्यानं खरंच घातला. दाराशेजारच्या भिंतीत पहार बसली, मातीचं ढेकूळ निखळून त्याच्याच पायावर पडलं. दुसरा घाव त्यानं घातला, मग लोक पुढं झाले. मी तिथं थांबले नाही. रोग्याकडं जायचं होतं हे खरं, पण मला ते बघवतही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत माळवद, म्हणजे घराचं मातीचं सपाट छप्पर, खाली आलं, अंधार पडायच्या आत भिंती आल्या. दगड लांब नेऊन टाकले, खड्डे बुजवले, धुमसानं जमीन ठोकली. आणि मग गावानं शहाणपणा केला. आमच्याकडं माळवदावर पांढरी माती घालतात. ती ठोकून बसवली की पाणी पीत नाही, तिचा चिखल होत नाही, म्हणून तर मराठवाड्यातली घरं पावसाळा काढतात. महांतप्पाच्या माळवदावर तिचे थरच्या थर होते, आतून कोरडे खडखडीत. यंत्राचे पाय रुतू नयेत म्हणून लोकांनी ती सगळी माती चाळून त्या जागेवर पसरली. कुणा एकाचं डोकं नव्हतं ते, सगळ्यांना एकदमच सुचलं, आणि मलाही पटलं. मधोमध पोळ्याचा उरलेला गेरू कालवून मोठं लाल वर्तुळ काढलं. सकाळी बघितलं तर जागा अशी सुरेख दिसत होती की कुणाचंही लग्न लावावं.

बलभीमची रात्र वाईट गेली होती. कण्हायचा, ओकायचा, पुन्हा कण्हायचा. त्याची आई कस्तुराबाई उशाशी बसून तुळजाभवानीला नवस बोलत होती. पहिल्यांदा खणनारळ बोलली, मग साडीचोळी, उजाडता उजाडता लोटांगण.

ऊन वर आलं आणि पिठाच्या गिरणीसारखा आवाज ऐकू आला. हेलिकॉप्टर लहानसं होतं. पुढं काचेचा गोल फुगा, त्यात दोन माणसं, डोक्यावर फिरणारं पातं, आणि दोन्ही बाजूंना बाहेर लटकवलेली लांबट फळी. ते टेकाडावर आलं, थांबलं, खाली येऊ लागलं. आणि पांढरी माती उठली.

मी आयुष्यात तसा धुरळा पाहिला नाही. महांतप्पाचं अख्खं घर पीठ होऊन आभाळात गेलं. समोरचा माणूस दिसेना. डोळ्यांत, नाकात, तोंडात माती. गाई दावी तोडून पळाल्या. त्या पांढऱ्या अंधारात पात्याचा आवाज अगदी जवळ आला, इतका की मी जमिनीवर पालथी पडले, आणि मग तो वर वर गेला. धुरळा खाली बसला तेव्हा आभाळ रिकामं होतं.

 महांतप्पा केसांपासून पायापर्यंत पांढरा झालेला, त्या जागेच्या कडेला उभा होता. "माज्याच घरानं घात क्येला," तो म्हणाला.

हेलिकॉप्टर पलीकडं, तलावाच्या पक्क्या रस्त्यावर उतरलं होतं. थोड्या वेळानं वसंतरावाचा आवाज आला. "धुरळा! पायलटला काय दिसंना! पानी मारा! घंट्याभरानं आनखी एकदा येतो म्हनतोय! मग तेल पुरत न्हाय, सोलापूरला जानार!"

सडा घालायला आमच्या बायकांना शिकवावं लागत नाही. आतापर्यंत त्यांना कुणी त्या जागेवर फिरकू दिलं नव्हतं, यंत्राचं काम म्हणजे पुरुषांचं काम. आता घागरी, कळश्या, शाळेची बादली, न्हाणीतलं घंगाळ, जे हाताला लागेल ते घेऊन काठापासून माथ्यापर्यंत माणसांची रांग लागली. शेणकाला केला. महांतप्पा मधे उभा राहून ओरडत होता, "शिपडा! वतू नगा! वतलं की गारा व्हतो!" खरंच होतं ते. कमी पडलं तर धुरळा, जास्त झालं तर यंत्र घसरणार. बायका वाकून हातानं शिंपडत होत्या, मागून गडी धुमस मारत होते, आणि प्रत्येकाचा एक कान आभाळाकडं होता.

तेवढ्यात कस्तुराबाई धावत आली. तोंडभर हसत होती. "थांबलं! दुखायचं थांबलं माज्या लेकराचं! आईनं ऐकलं!"

मी घागर तिथंच ठेवून घरात गेले. बलभीम शांत पडला होता. चेहरा राखेसारखा, ओठ कोरडे, नाडी धावती आणि बारीक. माझ्याकडं बघून हसलाही. "बरं वाटतंय बाई."  दुखणारं आतडं जिवंत असतं. दुखायचं थांबलं म्हणजे ते मेलं. आता ते फुटायच्या आत त्याला सुरीखाली न्यायला हवं होतं.

बाहेर आले तर कस्तुराबाई लोकांना सांगत होती, "आता कशाला पायजे ते इमान? उतार पडलाय. तेला कुटं धाडायचा न्हाय." दोघाचौघांनी हातातल्या घागरी खाली ठेवल्या होत्या. थकलेल्या माणसाला थांबायला निमित्त लागतं.

"उतार नाही हा," मी म्हणाले. "हे मरणाचं लक्षण आहे."

कस्तुराबाई माझ्या अंगावर आली. "तुमच्या जिभंला हाड हाय का न्हाय? भरल्या घरात काय बोलताव!"

"कस्तुराबाई, तुमचा मुलगा आहे, माझा नाही. माझं खोटं ठरलं तर मी पायातली वहाण काढून तुमच्या हातात देईन. पण आज त्याला नेला नाही तर उद्या तो नाही."  मला त्या बाईची कीव येत होती आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

सत्यभामा कमरेवर घागर घेऊन उभी होती. लुगडं चिंब भिजलेलं, हात शेणानं भरलेले. तिनं सासूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "आत्या, न्ह्यायचा," एवढंच म्हणाली आणि पुन्हा वाकून शिंपडायला लागली. खाली ठेवलेल्या घागरी लोकांनी परत उचलल्या.

आवाज आला. या वेळी मी डोळे झाकले नाहीत. पात्याच्या वाऱ्यानं बायकांचे पदर उडाले, कडेचा थोडा धुरळा उठला, पण मधली जागा दबून राहिली. यंत्र टेकलं. जरासं डावीकडं कललं. मग स्थिर झालं. लोकांनी जल्लोष करायला तोंड उघडलं, पण पातं फिरतच होतं आणि त्याच्याखाली कुणाचाच आवाज फुटला नाही.

वैमानिक आत बसून राहिला. दुसरा तरुण शिपाई वाकून पळत आला आणि हातानं खुणा करू लागला, आणा, आणा. बलभीमला बाजेवरून उचलून आणला. आत जागाच नव्हती. त्याला निजवायचं होतं ते बाहेरच्या त्या लांबट फळीवर. शिपायानं त्याला घोंगडीत गुंडाळला आणि पट्ट्यांनी बांधायला घेतला. छातीवर एक, कमरेवर एक, पायांवर एक.

गावानं ते पाहिलं आणि गावाला एकच गोष्ट दिसली. कस्तुराबाईनं किंकाळी फोडली. "जित्त्या मानसाला तिरडीवर बांदत्यात व्हय रं!" ती जाऊन पोरावर आडवी पडली. बायकांनी गळा काढला. बाज धरून आलेल्या गड्यांनी हात मागं घेतले. शिपाई आमच्याकडं वेड्यासारखा बघत होता. वैमानिक काचेतून घड्याळ दाखवत होता. आणि सत्यभामा, जिनं अख्खा दिवस कुणाचं ऐकलं नव्हतं, तीही जागच्या जागी थिजली होती.  मी ओढायला गेले तर कस्तुराबाईनं मला ढकलून दिलं.

महांतप्पा पुढं आला. त्यानं कस्तुराबाईच्या खांद्याला धरलं आणि पात्याच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला, "ये कस्तुरा! आमच्यात मेल्यालं मानूस बसवून न्हेत्यात! आडवं बांदून न्हेत्यात ते जित्तं!"

कस्तुराबाई रडायची थांबली. वाद घालण्यासारखं पुष्कळ होतं त्यात. ती काही लिंगायत नव्हती, आणि तिच्या घरचे सगळे आडवेच गेले होते. पण लिंगायतांच्या मेलेल्या माणसांना बसवून नेताना तिनं जन्मभर पाहिलं होतं, म्हाताऱ्याच्या बायकोलाही तसंच नेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. कुणीतरी खुदकन हसलं. बहुतेक मीच हसले असेन. म्हाताऱ्यानं स्वतः शेवटचा पट्टा ओढला आणि बलभीमच्या कपाळावर हात ठेवला. इतक्या दिवसांनी तो त्याच्याशी काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण ओठ हलले होते.

निजामाच्या काळात शिकलेली आमची म्हातारी माणसं दखनी फर्डी बोलत. महांतप्पानं वैमानिकाच्या काचेवर थाप मारली. "साब, खबर कैसे मिलेगी हमना?"

"कल इधर से ही जाऊँगा," तो ओरडला. "उतरकर बताऊँगा!"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळं बेट त्या जागेवर येऊन बसलं. कुणी कामाला गेलं नाही. बायकांनी पुन्हा सडा घातला. कस्तुराबाईनं आरतीचं ताट केलं, नारळ आणला. सत्यभामा गेरूच्या वर्तुळात बसली होती, हातावर हात ठेवून. मी तिच्याशेजारी बसले. मला खात्री नव्हती, आणि खोटा धीर मला देता येत नाही, म्हणून नुसती बसले.

हेलिकॉप्टर आलं. सगळे उभे राहिले, हात वर केले. ते आमच्या डोक्यावर थांबलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं, एक घिरटी घातली. काचेतून हात बाहेर आला आणि डावीकडं-उजवीकडं हलला. पुन्हा हलला. मग यंत्र वळलं आणि भीमेच्या दिशेनं निघून गेलं.

"न्हाय म्हनला," कुणीतरी पुटपुटलं.

मग जे व्हायचं ते झालं. कस्तुराबाईनं ताट फेकलं आणि जमिनीवर डोकं आपटायला लागली. बायका सत्यभामेभोवती जमल्या. मी ओरडत होते, "थांबा, अहो थांबा, नक्की कळू द्या!" पण अशा वेळी माझं कोण ऐकणार? त्यांनी तिचा डावा हात धरला, कस्तुराबाईनंच दगड उचलला. लेकासाठी वेडी झालेली बाई, तिला तरी काय बोलू? हिरव्या बांगड्यांच्या काचा गेरूवर पडल्या. मनगटाला दगड लागून रक्त आलं.

उजवा हात धरला तेव्हा सत्यभामेनं हिसडा दिला. "सोडा. म्या माज्या डोळ्यानं बघंन. मग ह्यो हात देते."

ती उठली आणि उतारावरून सरळ पाण्याकडं चालू लागली. काहील खुंट्याला बांधलेली होती. तिनं दावं सोडलं. पूर थोडा ओसरला होता, पण सांडव्याची ओढ होतीच, आणि बलभीमशिवाय त्या काहिलीला कुणी हात लावला नव्हता. महांतप्पानं कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती लोटली. मी पळत जाऊन आत पडले. का गेले? तिला एकटीला जाऊ देणं मला शक्य नव्हतं, दुसरं कारण नाही. मला पोहता येत नाही हे मध्यावर गेल्यावर आठवलं.

काहील फिरायला लागली. बेट पुढं, बेट मागं, पुन्हा पुढं. सत्यभामा गुडघ्यांवर बसून वल्हवायच्या फळीनं पाणी कापत होती, कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं, नवऱ्याला करताना पाहिलं होतं तसं. सांडव्याचा घोष वाढत चालला. एकदा आम्ही इतक्या जवळ गेलो की कडेवरून पाणी खाली वळताना दिसलं. मी डोळे मिटून तुळजाभवानीचं नाव घेतलं आणि कस्तुराबाईच्या नवसांना मनात हसल्याबद्दल तिची क्षमा मागितली. डोळे उघडले तेव्हा सत्यभामेनं फळी तळाला टेकवली होती. उथळ लागलं होतं.

वसंतराव काठावर धावत आला. "अहो, काय येडी मानसं तुमी! समदं गाव तितंच हुबं! त्यो उतरनार कुठं? हातानं सांगत हुता, बाजूला व्हा, बाजूला व्हा!"

"आन् ह्ये?" सत्यभामेनं विचारलं.

"जित्ता हाय की! आत्ताच फोन आला, कालच कापलं. आतड्याचा तुकडा काडून टाकला म्हनं, पर शुदीवर हाय."

मला वाटलं ती रडेल. ती काठावर तशीच उभी राहिली, फळी हातात धरून. मग डावा हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "सोलापूरची गाडी कुठनं मिळंल?"

बेटाकडं तोंड करून कर्ण्यातून बातमी ओरडायचं काम मी वसंतरावावर सोपवलं आणि तिच्यामागं निघाले. नळदुर्गच्या रस्त्यावर एका ट्रकवाल्यानं आम्हाला घेतलं. वाटभर तिनं डावा हात पदराखालीच ठेवला.

बलभीम खाटेवर पडला होता, नाकात नळी, पोटावर पट्टा. आम्हाला बघून त्याचे डोळे उघडले. बायकोच्या तोंडाकडं त्यानं पाहिलं, आणि मग घाम पुसायला तिनं विसरून डावा हात पुढं केला तेव्हा त्या हाताकडं.

"बांगड्या कुटं?"

"काहील हाकताना फुटल्या."

"काहील? कुनी हाकली?"

"म्या."

त्यानं तिच्या मनगटाकडं नीट पाहिलं. मनगटावरची दगडाची जखम अजून ओली होती. फळीनं तशी जखम होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

"आयनं फोडल्या न्हवं?" तो हळूच म्हणाला.

सत्यभामेनं मान खाली घातली. "एकाच हातच्या दिल्या म्या," ती म्हणाली. "दुसरा न्हाय दिला."

 त्यानं तिचा तो मोकळा हात आपल्या मुठीत घेतला आणि भेटीची वेळ संपेपर्यंत सोडला नाही.